स्लॅलम वॉटर स्की: आपल्या तयारीनुसार सामान कसं जुळवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका स्कीवर उभं राहणं जमलं, बोटीमागच्या दोन्ही लाटा न पडता ओलांडता आल्या, की माणसाचं लक्ष आपल्या शरीरावरून उडून स्कीच्या स्क्रूंकडे जातं. बूट पुढे घेऊ का, फिन (स्कीच्या शेपटाखालचं पान) खाली करू का, विंग (फिनवरचा छोटा पंख) लावू का? प्रश्न रास्त आहेत, पण बहुतेक जण ते उलट्या क्रमाने विचारतात. बोटीचा वेग, स्कीची लांबी आणि बुटांची जागा यांनी मोठा फरक पडतो. फिनचा फरक बारीक असतो, म्हणून तिचा नंबर शेवटी. खालची उत्तरंही साधारण त्याच क्रमाने दिली आहेत.

मी नुकताच दोन स्कींवरून एकीवर आलोय. स्पर्धेची स्की घेतली तर लवकर शिकेन का?

नाही, उलट उशीर होईल. स्पर्धेची स्की अरुंद असते, तिचा तळ खोलगट असतो आणि कडा पाणी कापण्यासाठी घडवलेल्या असतात. ताशी 55 किलोमीटरच्या आसपास ती पाण्यावर नीट तरंगते. तीच स्की ताशी 40 ला निम्मी पाण्यात बुडून चालते, मग सगळा भार हातांवर येतो आणि दोन फेऱ्यांत मनगटं भरून येतात.

या टप्प्यावर कॉम्बो, म्हणजे दोन स्कींच्या जोडीतली, मागच्या पायासाठी जादा पट्टी असलेली स्की किंवा मधला भाग रुंद असलेली स्लॅलम स्की घ्या. रुंद स्की कमी वेगात वर उचलते, पाण्यातून उठायला कमी ओढ लागते आणि चुका पोटात घालते. वेगात ती थोडी जड वळते, पण ती अडचण जाणवायला लागेपर्यंत तुमचा बराच पल्ला झालेला असेल.

कोणता पाय पुढे ठेवायचा?

बॉल कोणत्या पायाने मारता, यावरून ठरवू नका. दोन स्कींवर सरळ जात असताना आधी एक स्की पाण्यावरून थोडी उचला, मग दुसरी. ज्या पायावर जास्त वेळ निवांत उभं राहता येतं, तो पुढचा. दोन्ही सारखे वाटले तर कोणताही एक निवडा आणि मग बदलू नका.

स्कीची लांबी उंचीवरून ठरते का?

उंचीवरून नाही. वजन आणि बोटीचा वेग या दोघांवरून ठरते. ताशी 55 किलोमीटर वेगासाठी ढोबळ हिशेब असा: 60 ते 70 किलोला 65 इंची, 70 ते 80 ला 66 इंची, 80 ते 90 ला 67 इंची, त्यावर 68 किंवा जास्त. प्रत्येक कंपनीचा तक्ता थोडा वेगळा असतो. आपल्या स्कीचाच तक्ता पाहा, दुसऱ्या कंपनीचा नको.

यापेक्षा कमी वेगाने जात असाल तर एक माप मोठी घ्या. वजन दोन मापांच्या मधे येत असेल तरी मोठीच घ्या. वजन सांगताना खरं सांगा. दुकानात पाच किलो कमी सांगणारे पाण्यात सापडतातच.

बोटीचा वेग हीसुद्धा ‘सेटिंग’ धरायची का?

सगळ्यात मोठी सेटिंग तीच, आणि फुकटची. स्लॅलमचा मार्ग, म्हणजे सहा बोयांना (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांना) आलटून पालटून वळसा घालत जायची वाट, 259 मीटरचा. बोट ताशी 55 ने गेली तर तो सुमारे 17 सेकंदांत संपतो, 46 ने गेली तर 20 सेकंद मिळतात. सहा बोयांत वाटले तर प्रत्येक वळणाला जवळजवळ अर्धा सेकंद जास्त. वळण पूर्ण करायला, गुडघे वाकवायला, हँडल पुन्हा धरायला हा अर्धा सेकंद फार मोठा आहे. फिन कितीही हलवली तरी तेवढा वेळ ती देणार नाही.

नुसतं एका स्कीवर फिरायला ताशी 38 ते 45 ठीक. स्पर्धेत वेग 3 किलोमीटरच्या पायऱ्यांनी चढतो: 43, 46, 49, 52, 55 आणि पुरुषांच्या खुल्या गटात 58, महिलांची मर्यादा 55. सरावातही त्याच पायऱ्या धरा. एका वेगाला सहाही बोये चार-पाचदा सलग निघाले की पुढची पायरी.

एक मात्र लक्षात घ्या. वेग कमी तशी बोटीमागची लाट मोठी आणि टणक. म्हणून ‘हळू म्हणजे सोपं’ हे एका मर्यादेपर्यंतच खरं. काही जणांना 43 पेक्षा 46 ला लाट ओलांडणं सोपं जातं आणि त्यात काही नवल नाही.

मागच्या पायाला पूर्ण बूट हवा की नुसती पट्टी?

शिकताना पट्टी. खोल पाण्यातून उठताना मागचा पाय मोकळा सोडून सुकाणूसारखा पाण्यात ओढता येतो, त्याने तोल राहतो. उठल्यावर पाय पट्टीत सरकवायचा. पडताना तो सहज निघतोही.

दोन्ही पूर्ण बुटांनी स्कीवर पकड चांगली येते, मागची टाच उचलली जात नाही आणि दोन्ही गुडघे जवळ राहतात. पण त्यांना एक अट आहे: पडल्यावर सुटायचे तर दोन्ही पाय एकाच वेळी सुटले पाहिजेत. एक सुटला आणि एक अडकला तर स्की त्या एका पायाला पिळते, आणि गुडघ्याच्या किंवा घोट्याच्या गंभीर दुखापती अशाच होतात. कडक कवचाचे बूट एकाच प्लेटवर बसवून ती प्लेट झटक्याने सुटावी अशी रचना असते, ती याचसाठी. असे बूट वापरत असाल तर सुटण्याची ताकद जमिनीवर तपासा, पाण्यात नव्हे.

पट्टीवर उत्तम स्की करणारे कैक लोक आहेत. पट्टी सोडणं म्हणजे बढती नव्हे.

बूट किती घट्ट असावा?

टाच आत उचलली जाऊ नये, पण बोटं हलवता यावीत. पायाला मुंग्या आल्या तर जास्त घट्ट. रबरी बूट ओला असताना घालून पाहा, कारण कोरडा बूट नेहमी घट्टच वाटतो. एक-दोन हंगामांनी रबर सैल होतं, टाचेपाशी बारीक चिरा पडतात. तेव्हा लेस जास्त आवळण्यापेक्षा रबर बदललेलं बरं.

बूट पुढे-मागे कधी सरकवायचे? हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो.

यायलाच हवा, कारण सुरुवातीच्या आणि मधल्या टप्प्यातल्या माणसाला खरा फरक जाणवतो तो इथेच.

बूट ज्या प्लेटवर बसवलेले असतात तिला ओळीने भोकं असतात. एका भोकाचं अंतर बहुधा पाव इंच, म्हणजे सुताराच्या भाषेत दोन सूत. काही प्लेटांत अर्ध्या भोकाचीही सोय असते. मोजायचं ते स्कीच्या शेपटापासून पुढच्या टाचेच्या मागच्या कडेपर्यंत. 66-67 इंची स्कीवर हे अंतर साधारण 29 ते 30 इंच येतं. कंपनीने दिलेला आकडा हीच सुरुवात.

बूट पुढे घेतले की स्कीचं टोक जास्त पाण्यात राहतं. वळणाच्या सुरुवातीला टोक पाणी पकडतं आणि स्की लवकर फिरते. अती पुढे गेलात तर टोक रुततं, स्की एकदम थांबल्यासारखी होते आणि तुम्ही पुढे फेकले जाता. बूट मागे घेतले की टोक वर राहतं, स्की सरळ रेषेत मोकळी पळते, पण वळण लांबतं. बोया ओलांडून बरंच पुढे गेल्यावर स्की फिरते आणि दोरी सैल पडते.

म्हणून खुणा अशा वाचायच्या. वळताना टोक हवेत, मागे मोठा फवारा, स्की फिरायला तयार नाही: बूट एक भोक पुढे. वळताना टोक खाली रुततं, कंबरेतून पुढे मोडता: एक भोक मागे.

पण आधी कुणाला तरी बोटीतून व्हिडिओ काढायला सांगा आणि मागचा गुडघा पाहा. तो ताठ आणि पुढचाही ताठ असेल, वजन मागच्या टाचेवर असेल, तर टोक वर राहणारच, बूट कुठेही असोत. अशा वेळी बूट पुढे घेतले की दोन दिवस बरं वाटतं. मग शरीर त्या जागेलाही टेकून मागे बसायला शिकतं आणि प्रश्न पुन्हा तिथेच. नव्याने शिकणाऱ्यांच्या बाबतीत दहापैकी बहुतेक वेळा दोष उभं राहण्यात असतो.

सरकवताना दोन्ही बूट एकत्र सरकवा, म्हणजे पायांमधलं अंतर तेच राहील. ते अंतर बदलायचं असेल तर तो वेगळा प्रयोग, वेगळ्या दिवशी.

बूट थोडे तिरके लावावेत का?

पुढचा सरळ मध्यरेषेवर ठेवा. मागचा एखाद्या अंशाने बाहेर वळवल्याने कंबरेला आराम वाटत असेल तर हरकत नाही. त्यापलीकडे जाऊ नका.

फिन नक्की काय करते?

स्कीच्या शेपटाखालचं ते धातूचं पान शेपटाला पाण्यात धरून ठेवतं. वळताना शेपूट किती घसरू द्यायचं आणि किती धरायचं, हा तोल फिनवर ठरतो. तिचे तीन आकडे असतात: लांबी, खोली आणि शेपटापासूनचं अंतर. नमुन्यादाखल लांबी 6.8 ते 6.9 इंच, खोली अडीच इंचांच्या आसपास, आणि शेपटापासून अंतर पाऊण इंच किंवा थोडं जास्त.

मग मी ती हलवू का?

ताशी 52 च्या आत असाल, किंवा 18.25 मीटर दोरीवर सहा बोये खात्रीने निघत नसतील, तर हलवू नका. कंपनीच्या आकड्यांवर फिन आहे ना एवढंच तपासा. जुनी स्की विकत घेतली असेल तर हे तपासणं सगळ्यात आधी, कारण आधीच्या मालकाने काय करून ठेवलंय ते देव जाणे.

कारण साधं आहे. फिन हलवतात इंचाच्या हजाराव्या भागांत, मशीन शॉपमधले लोक ज्याला थाऊ म्हणतात त्यात. पाच थाऊ म्हणजे जेमतेम कागदाची जाडी. हा फरक जाणवायचा तर तुमची प्रत्येक फेरी सारखी हवी. प्रत्येक वळण वेगळं घेत असाल तर फरक फिनचा की तुमचा, हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

फिन मोजायची कशी?

स्लॉट असलेलं कॅलिपर लागतं. साध्या पट्टीचं हे काम नाही. स्की उलटी करून टेबलावर ठेवा, फिनच्या मुळाशी असलेली वाळू पुसून काढा. आधी आहेत ते तिन्ही आकडे मोजून वहीत लिहा. मग फिनच्या ब्लॉकचे बारीक स्क्रू किंचित सैल करा: फिन अंगठ्याने दाबल्यावर सरकेल इतपतच, लटपटेल इतके नको. हवं तेवढं सरकवा, मोजा, स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा आणि पुन्हा मोजा. हे शेवटचं मोजमाप बरेच जण गाळतात. स्क्रू आवळताना फिन एक-दोन थाऊ सरकतेच, आणि मग वहीतला आकडा एक आणि स्कीतला दुसरा.

लांबी कॅलिपरच्या टोकांनी मोजली तर एक आकडा येतो, सपाट जबड्यांनी मोजली तर दुसरा. कोणती पद्धत चांगली यावर वाद घालण्यात अर्थ नाही. कंपनीचा तक्ता ज्या पद्धतीचा असेल ती धरा आणि कायम तीच ठेवा.

कोणता आकडा बदलल्याने काय होतं?

खोलीचा परिणाम सगळ्यात सरळ आहे. फिन खाली केली की शेपूट जास्त धरतं: स्की स्थिर, लाट ओलांडताना खात्रीची, पण वळायला थोडी हट्टी. वर घेतली की शेपूट सुटं होतं आणि स्की झटकन फिरते. जास्तच वर गेली तर वळणाच्या शेवटी शेपूट एकदम निसटतं आणि तुम्ही आडवे होता.

लांबी आणि शेपटापासूनचं अंतर यांचं गणित एवढं सरळ नाही. एक आकडा बदलताना दुसराही थोडा हलतो, आणि परिणाम स्कीच्या तळाच्या आकारावर अवलंबून असतो. या दोन आकड्यांबद्दल ठोकून नियम सांगणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांचे नियम एकमेकांशी जुळत नाहीत. आपल्या स्कीच्या कंपनीने ‘असं झालं तर असं करा’ असा तक्ता दिलेला असतो, तो पाळा. एका वेळी एकच आकडा, पाच ते दहा थाऊंच्या आत.

विंग लावावी का?

विंग म्हणजे फिनवर आडवा बसवलेला छोटा पंख. लाट ओलांडून बोयाकडे जाताना आलेला जादा वेग मारायला ती मदत करते. साधारण 7 ते 9 अंशांवर लावतात. कोन वाढवला की ब्रेक जास्त.

आता विचार करा: लांब दोरीवर, कमी वेगात, तुमची अडचण वेग जास्त असण्याची आहे का? बहुतेकांची उलट असते, बोयापर्यंत पोचतच नाही. मग ब्रेक कशाला? काढून ठेवा. दोरी आखूड व्हायला लागली आणि बोयापाशी स्की थांबेना, की लावा.

दोरी किती लांब घ्यावी?

पूर्ण दोरी 23 मीटर, म्हणजे 75 फूट. नुसतं फिरायला आणि मार्ग शिकायला ती किंवा 18.25 मीटर चांगली. स्लॅलमच्या दोरीला रंगीत फासे असतात: लाल 18.25, नारिंगी 16, पिवळा 14.25, हिरवा 13, निळा 12, जांभळा 11.25 मीटर, आणि पुढे आणखी आखूड. ‘22 ऑफ’ असं कुणी म्हटलं तर 75 फुटांतून 22 फूट कमी, म्हणजे 16 मीटरचा नारिंगी फासा.

या नारिंगीवर पुष्कळ जण अडखळतात. बऱ्याच बोटींची लाट त्या अंतरावर सगळ्यात उंच आणि टणक लागते. तिथे सामान बदलू नका. गुडघे नरम ठेवा, खांदे मागे ठेवा आणि तो टप्पा काढा. पिवळ्यावर लाट पुन्हा लहान होते.

बोये बोटीच्या मार्गापासून 11.5 मीटरवर असतात. म्हणजे जांभळ्या फाशावर दोरी बोयापर्यंत पुरतच नाही, उरलेलं अंतर हात आणि अंग लांबवून भरून काढावं लागतं. सगळी थाऊची उठाठेव जन्मली ती या मंडळींच्या गरजेतून.

ट्यूब ओढायची जाड दोरी स्लॅलमला वापरू नका. कुठेही तंतू उसवलेले दिसले की दोरी बाद.

हँडलने खरंच फरक पडतो?

पडतो, आणि त्याकडे कुणी पाहत नाही. हँडल जाड असेल तर मूठ पूर्ण मिटत नाही आणि कोपराखालचे स्नायू लवकर थकतात. मूठ वळल्यावर बोटांची टोकं तळहाताला जवळजवळ टेकली पाहिजेत. ग्लोव्ह घालून पाहा, कारण त्यांची जाडीही मोजण्यात येते. लहान हातांना, मुलांना बारीक हँडल द्या. हात दमतात म्हणून स्की बदलायला निघालेल्या कित्येकांचं काम नुसत्या हँडलवर भागतं.

बोटीच्या वेग-नियंत्रकावरची अक्षरं काय असतात?

झिरो ऑफसारख्या जीपीएसवर चालणाऱ्या प्रणालीत ए1 पासून सी3 पर्यंत सेटिंग असते. तुम्ही ओढ घेतली की बोट मंदावते; ती परत वेग किती हळुवार किंवा किती जोरात पकडते, हे त्यावर ठरतं. ए1 सगळ्यात नरम, सी3 सगळ्यात कडक. बी2 वर सुरू करा. चालकाला तुमचं वजन आणि सेटिंग दोन्ही सांगा आणि दर वेळी तीच ठेवा, नाहीतर स्कीत केलेल्या बदलाचा अंदाजच येणार नाही.

एका बाजूचं वळण मस्त, दुसऱ्या बाजूला पडतो. फिन?

नाही. प्रत्येकाची एक बाजू कच्ची असतेच, कारण पाय एकामागे एक आहेत आणि कंबर एका बाजूला उघडी राहते. मार्ग सोडून मोकळ्या पाण्यात, कमी वेगात फक्त त्याच बाजूची वळणं घोटा. फिन बदललीत तर चांगल्या बाजूचीही घडी विस्कटेल.

क्लबमधल्या चांगल्या खेळाडूचे आकडे उतरवले तर?

स्की तीच, माप तेच, वजन आणि वेग जवळपास तोच असेल तर सुरुवात म्हणून चालेल. एरवी ते आकडे त्याच्या उभं राहण्यासाठी आहेत. तो पुढच्या पायावर उभा राहतो, तुम्ही मागच्या.

नवी स्की घेतल्यावर किती दिवस काही बदलू नये?

निदान आठ-दहा वेळा पाण्यात जाईपर्यंत. पहिल्या दोन फेऱ्यांत जे विचित्र वाटतं, त्यातलं निम्मं जुन्या स्कीच्या सवयीमुळे असतं. नंतरही बदल केला तर किमान दोन-तीन सत्रं तो तसाच ठेवा. वाऱ्याच्या, लाटांच्या दिवशी निकाल लावू नका. वहीत तारीख, आकडे, वेग, दोरी आणि एका ओळीत काय वाटलं ते लिहा.

खाऱ्या पाण्यात वेगळं काही करावं लागतं का?

खारं पाणी जड, म्हणून स्की थोडी वर तरंगते आणि सैल वाटते. काही बदलायच्या आधी एक-दोन फेऱ्या सवय करून घ्या. नंतर स्की, बूट आणि विशेषतः स्क्रू गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर पुढच्या वेळी फिनचा स्क्रू फिरणारच नाही.

पाण्यात उतरण्याआधी काय तपासायचं?

बुटांच्या प्लेटचे स्क्रू, फिनच्या ब्लॉकचे स्क्रू, विंग हलत नाही ना, दोरी, हँडलची शिवण, अंगावर नीट बसणारं तरंगजाकीट. बोटीत चालकाशिवाय मागे पाहणारा एक माणूस. तळपत्या उन्हात बंद गाडीत स्की ठेवलेली असेल तर बुटांखालची चिकटवलेली पट्टीही दाबून पाहा. उष्णतेने गोंद सुटतो.

फिन धक्क्याला आपटली, कडेला खाच पडली. चालेल का?

बारीक खरवड असेल तर अगदी मऊ पॉलिश पेपरने खरखर घालवा आणि तिन्ही आकडे वहीशी ताडून पाहा, कारण आपटल्यावर फिन बहुधा सरकलेली असते. पान वाकलं असेल तर ठोकून सरळ करायच्या भानगडीत पडू नका, नवी बसवा.